माणसं सोडली आहेत

३ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजात महापालिकेचा गठ्ठा येऊन पडला. आमच्या कॉलनीसमोर, रस्त्याच्या पलीकडे जो मॉल होणार होणार म्हणतात, त्याचा वाहतुकीचा अहवाल, नकाशे, रंगीत चित्रं. तपासून अभिप्राय द्यायचा. विभागात वाहतूक शिकवणारी मी एकटीच उरलेय, म्हणजे माझ्याच गळ्यात.

एचओडी सरांना म्हटलं, सर, मी समोरच राहते. "मग बरंच की. साइट व्हिजिटला रिक्षा नको." म्हटलं, नकाशे ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून आलेत तिथे माझा नवरा होता, मिलिंद, शेवटपर्यंत. ते चष्मा पुसत म्हणाले, "नाशकात कोण कुठे नव्हतं मॅडम? लेखी द्या आणि कामाला लागा." दिलं लेखी.

(इथून पुढे मि. असंच लिहीन. पूर्ण नाव लिहिताना हात थांबतो.)

५ फेब्रु.

अहवाल वाचला. जाडजूड. गाड्या मोजल्यात, दुचाक्या मोजल्यात, रिक्षा, पिंपळगावहून द्वारका चौकाकडे येणारे द्राक्षांचे टेम्पो, कांद्याचे ट्रॅक्टर, एक बैलगाडीसुद्धा. पादचारी या शब्दापुढे एकच शब्द : नगण्य.

आमची कॉलनी नगण्य आहे हे आज कळलं.

मॉलच्या तळघरात गाड्या उतरवायचा रॅम्प बरोबर खिंडीसमोर उघडतो. खिंड म्हणजे दुभाजकातली फट. कुणी ठेवली, कधी ठेवली, माहीत नाही, पण कॉलनी तिला खिंडच म्हणते. बसस्टॉप पलीकडे, दवाखाना पलीकडे, गिरणी पलीकडे, शाळा पलीकडे. नकाशात खिंड बंद. तिथे लोखंडी कठडा. लोकांनी म्हणे पुढच्या भुयारी मार्गाने जावं. आईंना, मि.च्या आईंना, तिथवर जायला दोनदा बसावं लागेल, आणि त्या भुयारात दिवसाढवळ्या कुत्रंही जात नाही.

कुंभासाठी अर्धं शहर उकरून ठेवलंय, त्यात हे.

७ फेब्रु., शनिवार

चित्रं आज उघडली.

तिसऱ्या चित्रात मि. आहे.

पाणी प्यायले. परत पाहिलं. तोच. चौकड्याचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, डाव्या कानावर पेन्सिल. रस्ता ओलांडतोय. उजवा हात गाड्यांना थोपवायला वर, 'थांब रे बाबा' म्हणतानाचा. डावा हात बाजूला, जरा मागे, बोटं अर्धी वळलेली. रिक्षाला हात करतोय की काय, कळत नाही.

हे कसं झालं ते मला कळलं, लगेच कळलं. त्यांच्या ऑफिसचा रिवाजच तो. इमारत उभी झाली, काचा बसल्या, झाडं लावून झाली की शेवटी चित्रात माणसं सोडायची. सकाळी गोठ्यातून गुरं सोडतात तशी. विकतच्या फोटोंतली माणसं मि.ला आवडायची नाहीत. "सगळे सूट घातलेले गोरे लोक गं, द्वारकेला कोण दिसतं असं?" म्हणून तो ऑफिसातल्यांचे, ओळखीच्यांचे फोटो काढून, कापून साठवायचा. जेवायला हाक मारली की फोनवर उत्तर ठरलेलं, "आलोच, माणसं सोडतो आणि निघतो."

त्याच साठ्यातून कुणीतरी त्याला उचलून इथे सोडलाय. एवढंच.

एवढंच, पण चित्रात तो झेब्रावर चालतोय, आणि नकाशात झेब्रा नाहीच. चित्र आधी झालं असेल, नकाशा नंतर बदलला. मि. जिथे पाऊल टाकतोय तिथे नकाशात कठडा आहे. तो कठड्यातून चाललाय.

आईंना काही बोलले नाही.

८ फेब्रु.

रविवार. दिवसभर चित्र उघडं. मोठं केलं की तोंडाचे चौकोन होतात, लहान केलं की परत तो. भाजी करपली. आई म्हणाल्या, "सुजाता, कामाचा वास यायलाय घरभर."

मला तो फार आठवतो. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१० फेब्रु.

सकाळी कॉलेजला जायच्या आधी खिंडीत उभी राहिले. डबेवाल्या बाया, शाळेची पोरं, हातात एक्स-रे घेतलेले रिटायर्ड पोस्टमन काका. "काय मॅडम, आज वाहतूक पोलीस का?" म्हटलं, तेवढंच राहिलं होतं. टेम्पोवाले काही केल्या वेग कमी करत नाहीत, द्राक्षं तापतात म्हणून घाई. तरी माणसं जातात. हात वर करतात आणि जातात.

दुपारी नकाशावर लाल पेनने लिहिलं : 'इथे माणसे सोडली आहेत.' भलामोठा बाण काढला. स्कॅन करून तुषारला पाठवलं. तुषार म्हणजे मि.चा ज्युनिअर, आता ऑफिस तोच बघतो. सविस्तर अभिप्राय नंतर, आधी चूक तर कळू दे.

चित्राबद्दल त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर तो काढून टाकेल.

१४ फेब्रु.

परवानगीचा पत्ता नाही आणि प्लॉटवर फ्लेक्स लागला. पत्र्याच्या कुंपणावर, चांगला दुमजली. तिसरंच चित्र. 'लवकरच आपल्या सेवेत.' मि. आता बसस्टॉपपेक्षा उंच आहे.

मी रिक्षातून येताना पाहिला, आणि पैसे देताना लक्षात आलं की आई आज गिरणीत गेल्या होत्या. म्हणजे पाहिलं असणार. घरात शिरले तर आई पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या.

"मिलिंद हाय तिथं."

म्हटलं, हो आई.

"तुला ठावं व्हतं?"

म्हटलं, हो.

चहा मीच केला.

१६ फेब्रु.

आई सकाळी गेल्या, दुपारी गेल्या. खिंडीतून पलीकडे जातात, फ्लेक्ससमोर उभ्या राहतात, परत येतात. शेजारच्या बाई सांगत आल्या, "तुमच्या सासूबाई आज तिथं बोलत होत्या काहीतरी." मी रागावले. म्हटलं आई, गुडघे बघा, टेम्पो बघा, एकट्या जाऊ नका. तर म्हणतात, "एकटी कुठं? तो हाय ना समोर, हात वर करून."



१७ फेब्रु.

आज मीही गेले त्यांच्याबरोबर. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं.

फ्लेक्सवर तो डावा हात आईंच्या डोक्याएवढ्या उंचीवर येतो. आई हात वर करून बोटांना लावत होत्या. मी म्हटलं, रिक्षाला हात करत असेल. आई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच येडी.

"रिक्षा कशाची? माझा हात धरला व्हता त्यानी. द्वारकेला. डोळ्याचं आपरेशन झालं तवा. तू म्होरं गेलीवतीस फोटू काढायला."

आणि सगळं आठवलं. डॉक्टरकडून निघालो होतो. मि. म्हणाला, "तू पुढे जा आणि समोरून काढ, चालणारा माणूस समोरून कधी मिळत नाही." मी पलीकडे जाऊन काढला. त्याच्या डाव्या हातात आई होत्या, डोळ्यावर ती हिरवी पट्टी, पदर खोचलेला. मी काढलेला फोटो, आणि मलाच ओळखू आला नाही.

आई चित्रात नाहीत. कापल्यात. बोटांच्या पुढे नुसतं आकाश.

"मला काढलं वाटतं," आई म्हणाल्या. साध्या आवाजात. जेवायला भाकरी आहे का विचारतात तसं.

१९ फेब्रु.

तुषारचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते : 'मॅडम, माणसे सोडलेली होतीच. आपल्या सूचनेनुसार आणखी सोडली आहेत. सुधारित व्ह्यू जोडला आहे.'

आधी कळेना. मग कळलं आणि स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्याने हसले. मी लिहिलं 'माणसं सोडली', म्हणजे वगळली, विसरलात. त्यांनी वाचलं, 'माणसं सोडली', म्हणजे चित्रात घातली, छान. आमच्याच घरातला शब्द, आणि तोच माझ्यावर उलटला. नकाशा तसाच. कठडा तसाच.

मग चित्र उघडलं. खरोखरच गर्दी केलीय. फुगेवाला, कॉलेजच्या मुली, एक कुत्रा. आणि दोन मि.

कुणीतरी तोच उलटा करून परत चिकटवलाय, आरशातल्यासारखा. पेन्सिल उजव्या कानावर. घड्याळ उजव्या हातात. मि.ने उजव्या हातात घड्याळ कधी घातलं नाही. दोघं शेजारी शेजारी रस्ता ओलांडताहेत. एकाचा डावा रिकामा हात, दुसऱ्याचा उजवा रिकामा हात, एकमेकांकडे. मधे आईंएवढी जागा.

हसू कुठच्या कुठे गेलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढचा तास घेतला नाही, मुलांना सोडून दिलं.

(पुन्हा तोच शब्द. सुटत नाही.)

२० फेब्रु.

तुषारला फोन. तासभर बोललो. सुरुवातीला "मॅडम मॅडम", नंतर "वहिनी".

त्याला माहीत होतं. तोच करायला सांगतो. "वहिनी, आमच्या प्रत्येक व्ह्यूत सर असतात. पोरांना सांगून ठेवलंय, सर सोडल्याशिवाय व्ह्यू बाहेर जायचा नाही. कोपऱ्यात असेना. तुम्हाला वाईट वाटलं का?"

म्हटलं, दोनदा कशाला सोडलात?

"नवीन मुलगी आहे, तिला काय माहीत. चुकलंच."

मग विचारलं, आईंना कुणी कापलं? खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "सरांनीच. तेव्हा क्लायंट म्हणायचे, कमर्शियलच्या व्ह्यूत म्हातारी माणसं नकोत, काठ्या नकोत, दवाखाना वाटतो. सर कापताना म्हणाले होते, आईला सांगू नकोस."

आणि त्याच ऑफिसात आज नकाशा निघतो, ज्यात म्हातारं माणूस रस्ता ओलांडेल हे कुणाच्या मनात येत नाही. मि.चा राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला की तो टाकायला जागा नसते.

नकाशातली चूक सांगितलीच नाही त्याला. विसरले म्हणेन, पण विसरले नव्हते.

२२ फेब्रु., रविवार

आता सगळीकडे दिसतो. दाताच्या डॉक्टरांच्या नव्या इमारतीचा बोर्ड, त्यात लिफ्टजवळ पाठमोरा. पिंपळगावला मावशीकडे जाताना कोल्ड स्टोरेजचा फलक, त्यात टेम्पोशेजारी, हाच शर्ट. कधीपासून होता तिथे? मी दर महिन्याला त्या रस्त्याने जाते.

परत येताना विंचूरचा फाटा दिसू नये म्हणून डोळे मिटून बसले. विंचूरच्याच साइटवर जिना चढताना तो खाली बसला आणि उठला नाही. आपल्याच इमारती बघायला निघालेला माणूस. आता आपल्याच इमारतींत उभा आहे, न झालेल्या.

२५ फेब्रु.

संध्याकाळी कॉलेजातून येताना रिक्षातून उतरले तर खिंडीत गर्दी. टेम्पो आडवा, क्रेट रस्त्यावर, द्राक्षं चिरडलेली. आई दुभाजकावर बसलेल्या, कुणीतरी पाणी दिलेलं. लागलं नव्हतं. चप्पल तेवढी टेम्पोखाली.

टेम्पोवाला घामाघूम. "ताई, म्हातारी रस्त्याच्या मधीच थांबली वो! वर बघत व्हती. मी ब्रेक नसता मारला तं काय झालं असतं? लेकरं हायेत मला." त्याची काहीच चूक नव्हती. त्याला म्हटलं, दादा, उपकार झाले तुमचे. तो क्रेट उचलायला लागला.

घरी आल्यावर आईंना विचारलं, मधेच का थांबलात? म्हणाल्या, "त्यानी हात वर केलाय ना. मला वाटलं, गाड्या थांबल्या."

हे मी कुणाला सांगू शकणार नाही.

२६ फेब्रु.

स्वतःशी तरी खरं लिहावं. अभिप्राय नीट लिहिला तर रॅम्प मागच्या रस्त्याला न्यावा लागेल. रॅम्प हलला की दर्शनी बाजू बदलते. ती बदलली की चित्र रद्द, फ्लेक्स उतरणार. 'हरकत नाही' लिहिलं तर बांधकाम होईपर्यंत, दोन-तीन वर्षं, तो माझ्या खिडकीसमोर राहील. सकाळी पडदा सरकवला की तो. दोन आठवडे मी त्याला बघून चहा पितेय.

आणि कठड्यापाशी आई.

आई मान्य करणार नाहीत. कठड्यावरून पाय टाकतील. सगळी कॉलनी टाकेल, आपल्याकडे कठडे ओलांडायलाच असतात. आणि वरून दुमजली मि. हात करून सांगत राहील की गाड्या थांबल्यात.

२८ फेब्रु.

लिहिलं. लाल पेन नाही, टाइप करून. 'सोडणे' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. 'पादचाऱ्यांची रोजची वाट आराखड्यातून वगळलेली आहे. रॅम्प मागील रस्त्यावर घ्यावा. सध्याच्या जागी सिग्नलसह झेब्रा द्यावा. वृद्ध माणसाच्या चालीने ओलांडता येईल इतका वेळ हिरवा ठेवावा. त्याशिवाय शिफारस करता येणार नाही.' आणखी एक ओळ : 'दर्शनी चित्रात जे प्रत्यक्ष देणार नाही ते दाखवू नये.'

ती शेवटची ओळ लिहून खुडबुड करत बसले. पुसली, लिहिली, पुसली, लिहिली. राहू दिली.

आईंना सांगितलं, फ्लेक्स निघेल बहुतेक. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

५ मार्च

महापालिकेत मीटिंग. बिल्डरचा माणूस चांगला बोलका. "मॅडम, तुमचं सगळं पटतं, पण तिथून म्हातारी माणसं अशी जातात किती?" म्हटलं, माझ्या घरातून एक. सगळे हसले, मी नाही. मग टेम्पोचं सांगितलं. आई माझ्या सासूबाई, हेही सांगितलं, लेखी दिलंय तेही सांगितलं. चप्पल पिशवीत नेली होती, काढली नाही.

तुषार मान खाली घालून बसलेला. शेवटी तोच उठला आणि म्हणाला, "चूक आमची आहे. रॅम्प मागे जाऊ शकतो. मी काढून दाखवतो." बिल्डरच्या माणसाने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याचीच काळजी वाटली.

निर्णय पुढच्या मीटिंगला. सिग्नल देतील की नाही, देव जाणे, आणि माझा देवावर विश्वास नाही. फ्लेक्स मात्र उतरवायला सांगितला.

८ मार्च

फ्लेक्स उतरला. दोरी सुटली तसा वरून मुडपत आला, आधी काचा, मग झाडं, मग मि. घडी घातली. कॉलनीतली पोरं जयंतीच्या मांडवाला मागत होती, पण विंचूरचा एक ट्रॅक्टरवाला आधीच बोलून ठेवून गेला होता. कांद्याच्या चाळीवर टाकायला. म्हणजे परत विंचूरच.

आई गॅलरीतून बघत होत्या. ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर म्हणाल्या, "कांदा कोरडा राहील त्येच्यानी." आणि आत गेल्या.

कुंपणाचा नुसता पत्रा. बघवत नाही. पडदा ओढून घेतला.

९ मार्च, सोमवार

तुषारचा मेसेज. नवा नकाशा जोडलाय. रॅम्प मागे. खिंड उघडी, झेब्रा, सिग्नल. अजून नुसत्या रेघा, मंजूर काहीच नाही, आणि बिल्डर म्हणतो म्हणे की दुसरं ऑफिस बघतो. तरी पोराने काढलाय.

खाली : 'वहिनी, नवीन व्ह्यू करायला घेतोय. सरांना सोडू का?'

मी लिहिलं : 'सोड.'

पाठवलं. लगेच निळ्या खुणा. मग : 'म्हणजे ठेवू की काढू?'

आई विचारत होत्या, काय म्हणतोय तुषार. वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ठेवायचं आसंल तर हाताला मला लाव म्हणावं. पट्टीसकट. नायतर राहू दे." आणि नव्या चपला शोधायला लागल्या. गिरणीत जायचं होतं.

दळण मी घेतलं. खिंडीपाशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला, सवयीने. मी धरला. उजवा हात वर करून उभी राहिले. टेम्पो येत होते, एकामागून एक.

उत्तर अजून दिलेलं नाही.